ताप उतरल्यानंतरचं दुखणं : प्रस्तावना

आजारी बैल ओळखायला शेतकऱ्याला थर्मामीटर लागत नाही. कान पडलेले, नाकपुडी कोरडी, अंगावरचे केस उभे, वैरण पुढ्यात तशीच आणि रवंथ बंद. तो दावणीतल्या इतर जनावरांपासून बाजूला सरकून बसतो, हाक मारली तरी मान वळवत नाही. २०२२ साली लंपीची साथ महाराष्ट्रात पसरली तेव्हा अंगावर गाठी उठायच्या आधीच ‘जनावर खाईना’ म्हणून मालक धास्तावत होते. बेंजामिन हार्ट हे कॅलिफोर्नियातले पशुवैद्य. त्यांनी १९८८ साली एक लेख लिहून या लक्षणांचा नीट विचार मांडला. आजारी जनावर मंदावतं, खाणं सोडतं, एकटं बसतं, ते केवळ शक्ती संपली म्हणून नव्हे. ताप चढवायला शरीराला इंधन लागतं, म्हणून बाकीचा खर्च ते स्वतःच थांबवतं. मंदावणं हा लढाईचाच भाग असतो.

माणसाचंही तेच. तोंडाला चव राहत नाही, अंग मोडून येतं, उजेड नकोसा होतो, बोलणारं माणूस नकोसं होतं. हे सगळं जंतू करतो असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्यातला फार मोठा वाटा आपल्याच रोगप्रतिकारक पेशींचा असतो. जंतूची चाहूल लागली की या पेशी काही प्रथिनं रक्तात सोडतात. त्यांना सायटोकाइन म्हणतात. इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६, टीएनएफ, इंटरफेरॉन ही त्यातली ठळक नावं. एका पांढऱ्या पेशीनं दुसरीला निरोप द्यावा एवढंच त्यांचं काम, असं बरीच वर्षं समजलं जाई. पण हा निरोप चेतापेशीही ऐकतात. ऐकतात म्हणजे त्यांचं आपापसातलं बोलणंच त्यानं बदलतं. कुठे ते जोरात होतं, कुठे दबतं, आणि कधीकधी साथ सरून गेल्यावरही पूर्ववत होत नाही. या पुस्तकाचा विषय एवढाच आहे.

पालमसारख्या तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या माणसानं हा विषय का घ्यावा, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर चिकुनगुन्या हे आहे. आमच्याकडे पाणी रोज येत नाही. आलं की रांजण, बॅरल, सिमेंटच्या टाक्या, जे हाताशी असेल ते भरून ठेवायचं आणि पुढचं पाणी येईपर्यंत पुरवायचं. एडिस डासाला असंच साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. गोदावरीला पूर असो वा ती आटलेली असो, या डासाची सोय घरातच असते. महाराष्ट्राला हा आजार नवा नव्हता. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याची मोठी साथ आली होती आणि शहरातल्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त लोकांना तिनं गाठलं होतं. मग तीस-बत्तीस वर्षं तो जणू नाहीसाच झाला. २००५-०६ मध्ये परतला तो आंध्र, कर्नाटक, मराठवाडा असा पसरत. एकट्या २००६ मध्ये देशभरात सुमारे चौदा लाख संशयित रुग्णांची नोंद झाली, त्यातले अडीच लाखांहून अधिक महाराष्ट्रातले.

ताप चार-पाच दिवसांत उतरे. विषाणू आठवडाभरात रक्तातून जवळपास नाहीसा होई. पण सांधे? मनगटं, बोटांची पेरं, घोटे. सकाळी उठल्यावर बाईला मूठ वळता येत नाही. कापूस वेचायचा म्हणजे तीन बोटांनी बोंडातला कापूस पकडून हलक्या झटक्यानं ओढायचा, बोंडाची टोकं नखात घुसू न देता, आणि तेच दिवसभर करायचं. ज्या हाताला तांब्या उचलवत नाही त्या हातानं हे काम होत नाही. महिना उलटतो, सूज दिसेनाशी होते, रक्ताचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. मग घरातून आणि कधी दवाखान्यातूनही एकच सूर निघतो : आता काही नाही, मनाचं आहे. वेचणीच्या हंगामात घरी बसलेल्या बाईला हे ऐकावं लागतं आणि ती ते मान खाली घालून ऐकते. मला हे फार लागतं. ‘काही नाही’ या निदानाला शास्त्राचा आधार नाही, हे मराठीत सविस्तर लिहून ठेवावं असं वाटत राहिलं, म्हणून हे पुस्तक.

पुण्याचे संधिवाततज्ज्ञ अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ च्या साथीत सोलापूर जिल्ह्यातल्या बावी या गावात पाहणी केली. बहुतेक रुग्ण काही आठवडे-महिन्यांत बरे झाले. थोड्यांचं दुखणं मात्र वर्ष उलटूनही राहिलं. ज्यांचं दुखणं लांबतं अशांच्या रक्तात इंटरल्यूकिन-६ चं प्रमाण चढं राहतं, असं सिंगापूरमधल्या अभ्यासातही दिसलं. विषाणू गेला, निरोप्ये राहिले. हे निरोप्ये चेतापेशीपर्यंत पोचतात कसे आणि तिथे करतात काय, हा पुढचा प्रश्न.

मेंदू हा शरीरातला बंदिस्त वाडा आहे, रोगप्रतिकारक शक्तीला तिथे प्रवेश नाही, अशी समजूत विसाव्या शतकात पक्की होती. तिला आधारही होता. पीटर मेदावर यांनी १९४८ मध्ये सशांच्या मेंदूत परक्या कातडीचे तुकडे रुजवून पाहिले. अंगावर लावलेलं परकं कातडं शरीर झपाट्यानं झिडकारतं. मेंदूत ते त्या मानानं बरंच टिकतं. रक्त आणि मेंदू यांच्यामधली पेशींची भिंत बहुतेक मोठ्या रेणूंना अडवते हेही खरं. पण तापाचंच पाहा. इंटरल्यूकिन-१ या रेणूची पहिली ओळख ‘ताप आणणारा शरीरातलाच पदार्थ’ अशीच झाली. अमेरिकेतल्या चार्ल्स डिनारेलो यांनी १९७७ मध्ये तो शुद्ध स्वरूपात वेगळा केला. हा पदार्थ मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला निरोप देतो. ते अस्तर प्रोस्टाग्लँडिन ई-२ बनवतं. हा छोटा रेणू आत झिरपतो आणि हायपोथॅलॅमसमधल्या तापमान राखणाऱ्या चेतापेशींचं काम बदलतो. त्या पेशी मग एकोणचाळीस अंशाला ‘बरोबर’ धरतात, म्हणून अडतिसावर असलेल्या माणसाला हुडहुडी भरते आणि तो गोधडी ओढून घेतो. ॲस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. त्या कामाला १९८२ चं नोबेल मिळालं. म्हणजे ताप उतरवणारी गोळी विषाणूला हातही लावत नाही. ती या संभाषणाचा मधला धागा तोडते. (चिकुनगुन्याच्या साथीत मात्र डेंग्यू नाही याची खात्री होईपर्यंत ॲस्पिरिन किंवा ब्रुफेन घेऊ नये, पॅरासिटामॉलवरच भागवावं. डेंग्यूत त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.)

रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून जाणारा हा पहिला रस्ता. दुसरा चेतांमधूनच जातो. पोटातून, छातीतून निघून थेट मेंदूच्या बुडाशी पोचणारी व्हेगस नावाची लांब चेता आहे. १९९० च्या दशकात काही प्रयोगशाळांनी उंदरांमध्ये ती पोटाशी कापून पाहिली. त्यानंतर पोटात इंटरल्यूकिन-१ टोचलं तर उंदीर एरवीसारखे मलूल होत नव्हते. रक्तात रेणू होता, पण त्याची खबर मेंदूला पुरती पोचली नव्हती. तिसरा रस्ता मेंदूतल्या मुक्कामी पेशींचा. मेंदूला त्याच्या स्वतःच्या रोगप्रतिकारक पेशी आहेत. त्यांना मायक्रोग्लिया म्हणतात आणि पिओ देल रिओ ओर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञानं त्या १९१९ मध्येच वेगळ्या ओळखून काढल्या होत्या. बाहेरची खबर लागली की या पेशी स्वतः सायटोकाइन बनवू लागतात. म्हणजे भिंत पाडावी लागतच नाही. आतले लोक तोच निरोप पुन्हा आतल्या आत फिरवतात.

आता खरी जागा. दोन चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. त्यांच्यात साधारण वीस नॅनोमीटरची फट असते. या जोडणीला चेतासंधी म्हणतात. एका मिलिमीटरमध्ये अशा पन्नास हजार फटी शेजारीशेजारी मावतील. एका पेशीच्या टोकातून ग्लुटामेट या रसायनाची पुडी फुटते, फट ओलांडते आणि समोरच्या पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहकरेणूंवर बसते. ग्राहक उघडतो, सोडियम आत शिरतं, दुसरी पेशी चेतवली जाते. गाबा नावाचं दुसरं रसायन याच्या उलट काम करतं, ते पेशीला आवरतं. जोर आणि आवर यांच्या या तोलावर आपलं दुखणं, झोप, आठवण, मन सगळं उभं आहे. मधल्या फटीत किती ग्लुटामेट आलं हे जसं महत्त्वाचं, तसंच समोर किती ग्राहक मांडलेले आहेत हेही. कालव्यात पाणी तेवढंच असलं तरी चारीचं दार किती उघडं आहे त्यावर शेत भिजणार की कोरडं राहणार हे ठरतं.

सायटोकाइनचा हात नेमका याच दारावर असतो. २००२ मध्ये एरिक बीटी, रॉबर्ट मलेंका आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की टीएनएफ चेतापेशींवर सोडलं की काही मिनिटांत ग्लुटामेटचे जास्तीचे ग्राहक पेशीच्या आतून वर येऊन पृष्ठभागावर बसतात. ते टीएनएफ मेंदूतल्या आधारपेशींकडूनच येत होतं. ते काढून घेतलं की ग्राहक कमी होत आणि संदेश दुबळा पडे. पुढच्या काही वर्षांत डेव्हिड स्टेलवेगन यांनी मलेंकांबरोबर यात भर घातली. तेच टीएनएफ गाबाचे ग्राहक मात्र पृष्ठभागावरून आत ओढून घ्यायला लावतं. जोर वाढला, आवर घटला, दोन्ही एकाच रेणूनं. २००३ मध्ये इटलीतल्या एका गटानं इंटरल्यूकिन-१ ची अशीच करामत मांडली : एनएमडीए नावाच्या ग्लुटामेट-ग्राहकाला ते जास्त कॅल्शियम आत सोडायला लावतं.

हे सगळं बशीतल्या पेशींचं, असं कुणी म्हणेल. म्हणून पुन्हा मनगटाकडे येऊ. मनगटातली वेदना वाहून आणणारी चेता पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत शिरते आणि तिथल्या पेशीला निरोप देते. वेदनेचा पहिला मोठा चौक हा. दुखापतीनंतर या चौकातल्या पेशीच जास्त संवेदनशील होतात, मग साध्या स्पर्शानंही दुखतं, हे क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ मध्ये दाखवलं होतं. ते होतं कशामुळे, याचा एक भाग बोस्टनमधल्या रु-राँग जी यांच्या प्रयोगशाळेनं २००८ मध्ये उलगडला. मज्जारज्जूच्या पातळ चकत्यांवर त्यांनी तीन सायटोकाइन एकेक करून सोडली. टीएनएफनं चेतवणारे संदेश वाढले. इंटरल्यूकिन-६ नं आवरणारे संदेश घटले. इंटरल्यूकिन-१ नं दोन्ही केलं. सांध्यातलं मूळ कारण तेवढंच असताना वर पोचणारी वेदना दुप्पट-तिप्पट का भासते, याचं उत्तर या प्रयोगात बऱ्याच अंशी सापडतं. चिकुनगुन्याच्या प्रत्येक लांबलेल्या दुखण्यामागे हेच एक कारण असतं असं माझं म्हणणं नाही. काहींच्या सांध्यात खरोखर दाह टिकून असतो, काहींमध्ये आधीचा संधिवात उघडा पडतो. पण सूज ओसरली म्हणून वेदनेची वाटही पूर्ववत झाली, असं मानायला आधार नाही, एवढं निश्चित.

माणसांवरचा एक अभ्यास मला यात सर्वांत बोलका वाटतो. जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये संधिवाताच्या रुग्णांना टीएनएफ निकामी करणारं इंजेक्शन देण्यात आलं आणि मेंदूची छायाचित्रं घेतली गेली. हात दाबल्यावर मेंदूत उठणारी खळबळ पहिल्या चोवीस तासांतच कमी झाली. त्या वेळी सांध्यांची सूज होती तशीच होती. ती ओसरायला पुढे दिवस लागले. २०११ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सांधा बदलायच्या आधी मेंदूला आराम पडला, याचा अर्थ टीएनएफची एक बाजू थेट चेतासंस्थेत काम करत होती.

महाराष्ट्रानं प्रतिकारशक्ती आणि चेता यांचा झगडा एका आजारात फार जवळून पाहिला आहे. बाबा आमटे यांनी १९४९ च्या सुमारास आनंदवन उभं केलं ते ज्यांच्यासाठी, त्या कुष्ठरुग्णांमध्ये. कुष्ठरोगाचा जंतू चेतांमध्ये घर करतो. पण चेता अचानक सुजून हाताची बोटं वाकडी होतात किंवा पाय लुळा पडतो ते बऱ्याचदा ‘रिॲक्शन’ आल्यावर. ती रिॲक्शन म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीचा उसळलेला डोंब. टीएनएफ आणि इंटरफेरॉन-गॅमा तेव्हा चढलेले असतात. औषधांनी जंतू मेल्यावरही, उपचार पूर्ण झाल्यावरही ती येऊ शकते, आणि वेळेत स्टेरॉइड सुरू केलं तर हात वाचतो. जेरुसलेमचे याकोब शेस्किन यांनी १९६० च्या दशकात थॅलिडोमाइड हे बदनाम औषध एका प्रकारच्या रिॲक्शनवर विलक्षण चालतं असं पाहिलं होतं. कारण कळायला १९९१ उजाडलं : ते टीएनएफ बनणं कमी करतं. (गर्भाला ते किती घातक, हे जगानं भोगलं आहे, म्हणून ते फार जपून वापरतात.) इथे सायटोकाइन चेतासंधीवर नव्हे, चेतेच्या दोरखंडावरच घाव घालतात. तरी मी हे उदाहरण पुस्तकात घेतलं, कारण जंतू संपला म्हणजे आजार संपला हा हिशेब किती अपुरा आहे हे त्याच्याइतकं दुसरं काही स्पष्ट करत नाही.

मनाबद्दल लिहिताना मी जास्त जपून लिहिलं आहे. हेपॅटायटिस-सी साठी काही वर्षांपूर्वी इंटरफेरॉन-अल्फा महिनोनमहिने टोचलं जाई. त्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांना औषध सुरू असताना खरंखुरं नैराश्य आलं. झोप उडाली, रस गेला, काहींच्या मनात जीव द्यायचे विचार येऊ लागले. बाहेरून दिलेलं एक सायटोकाइन मन एवढं खाली नेऊ शकतं, हे त्यातून नि:संशय ठरलं. पण म्हणून नैराश्य म्हणजे सायटोकाइनचा आजार, असं म्हणता येत नाही. कर्ज, नापिकी, एकटेपणा या गोष्टी कुठल्याही इंटरल्यूकिनमध्ये विरघळत नाहीत. मराठवाड्यात राहून हे विसरणं शक्यही नाही.

आजारात भूक जाते याबद्दल एक प्रकरण आहे. तापात लंघन की पेज, हा वाद आमच्याकडे घरोघरी चालतो. २०१६ मध्ये येल विद्यापीठातल्या रुस्लान मेद्झितोव यांच्या गटानं उंदरांवर पाहिलं की लिस्टेरिया या जिवाणूच्या संसर्गात जबरदस्तीनं ग्लुकोज दिलेले उंदीर जास्त मेले, आणि इन्फ्लुएंझाच्या विषाणूत उलट ग्लुकोजनं वाचले. एकच नियम सगळ्या तापांना लागत नाही. तापात कुणालाही उपाशी ठेवण्यासाठी हे उदाहरण वापरू नये. पाणी आणि ज्वारीच्या कण्यांची पातळ पेज आजही माझा पहिला सल्ला असतो.

वाचकाच्या मनात एव्हाना टीएनएफ, इंटरल्यूकिन ही खलनायकांची नावं होऊन बसली असतील. ती तशी नाहीत. २००६ मध्ये स्टेलवेगन आणि मलेंका यांनी दाखवलं की मेंदूतले संदेश फार काळ थंडावले तर संधींची ताकद वाढवून तोल सावरायला निरोगी मेंदूलाही टीएनएफच लागतं. व्हर्जिनियात जोनाथन किपनिस यांच्या गटानं २०१६ मध्ये आणखी चकित करणारं काही मांडलं. इंटरफेरॉन-गॅमा नसलेले उंदीर इतर उंदरांत मिसळत नाहीत. हा रेणू मेंदूच्या पुढच्या भागातल्या आवरणाऱ्या चेतापेशींवर काम करतो, तिथला अतिरेक शांत करतो, आणि तो परत दिला की उंदीर पुन्हा कळपात येतात. जंतूशी लढणारा रेणू सोबत्यांत मिसळण्यासाठीही लागावा, हे वाचलं त्या दिवशी मी बराच वेळ दुसरं काही वाचू शकलो नाही. मेंदूच्या वाढीतही तसंच. बेथ स्टीव्हन्स आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं की जंतूंवर खूण करणारी कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं वाढत्या मेंदूत नको असलेल्या चेतासंधींवर खूण करतात. पुढे दिसलं की मायक्रोग्लिया त्या खुणा पाहून संधी गिळतात. नीट जुळलेला मेंदू घडतो तो या छाटणीतून.

म्हणून ‘इम्युनिटी वाढवा’ असं छापलेल्या चूर्णांच्या आणि सरबतांच्या जाहिरातींचा मला राग येतो. करोनाच्या वर्षांत त्या तालुक्याच्या मेडिकलपासून खेड्यातल्या किराणा दुकानापर्यंत पोचल्या. प्रतिकारशक्ती म्हणजे टाकीतलं पाणी नव्हे, की जितकं जास्त तितकं बरं. चिकुनगुन्यानं वाकलेल्या मनगटात, कुष्ठरोगाच्या सुजलेल्या चेतेत ती कमी पडलेली नाही. ती थांबायला विसरली आहे. आणि तिला थांबवायचं औषधही मनानं घेण्यासारखं नाही. दर पंधरा दिवसांनी स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊन दोन दिवस मोकळं वाटतं, पण त्यापायी साखर चढलेली, हाडं ठिसूळ झालेली माणसं मी पाहिली आहेत. सलाइनचा तर यात काहीच उपयोग होत नाही. क्लोरोक्वीन लांबलेल्या चिकुनगुन्याला उपयोगी पडतं अशी मोठी आशा होती. चोप्रांच्याच चाचणीत ते साध्या वेदनाशामकापेक्षा सरस ठरलं नाही. उरतं ते असं : नेमकी वेदनाशामक औषधं ठरावीक मुदतीपुरती, सांधा रोज हळूहळू हलता ठेवणं, पुरेशी झोप, दाह खरोखर टिकलेला असेल तर संधिवाताच्या तज्ज्ञाकडे वेळेत जाणं. झोपेचा मुद्दा कुणी हलका धरू नये. इंटरल्यूकिन-१ आणि टीएनएफ झोप आणतात तसंच तुटलेली झोप दाह वाढवते, आणि वेचणीच्या दिवसांत बाईची झोप पहाटे चारला मोडते.

पुस्तकाची पहिली तीन प्रकरणं पेशी, रसायनं आणि चेतासंधी यांची ओळख करून देतात. दहावीचं विज्ञान आठवत असेल तर ती जड जाणार नाहीत. ज्यांना थेट दुखण्याबद्दल वाचायचं आहे त्यांनी चौथ्यापासून सुरुवात करावी, अडलं की मागे यावं. आशाताई, परिचारिका आणि गावोगावी फिरणारे आरोग्य कर्मचारी यांच्यासाठी शेवटी एक वेगळं प्रकरण जोडलं आहे. त्यात चिकुनगुन्यानंतर महिनाभरानं घरी गेल्यावर काय विचारावं ते आहे : सकाळी मूठ वळायला किती वेळ लागतो, रात्री दुखण्यानं जाग येते का, कुठला सांधा अजून गरम लागतो, कामावर परत गेलात का आणि नसाल तर घरात कुणी काय म्हणालं. शेवटचा प्रश्नही तितक्याच गांभीर्यानं विचारावा आणि उत्तर लिहून घ्यावं.

पालम, जि. परभणी